जिन्याखालचं कपाट

७ एप्रिल, सोमवार

आणि त्या यंत्राचं नाव छापलंय! काडेपेटीएवढं यंत्र, भिंतीला टेकवलं की ओल मोजतंय म्हणे, त्याचं नाव, त्याची कंपनी, त्याचा नंबर, सगळं रिपोर्टाच्या पहिल्या पानावर. स्नेहलचं नाव तर हायच, पुढं इंजिनियर लावून. माझं कुठंच न्हाय. बावीस पानं दोनदा उलटली. शेवटी मुखपृष्ठाच्या मागं सुद्धा बघितलं.

त्या फ्लॅटात हॉलच्या एकोणीस फरश्या पोकळ निघाल्या, त्या कुणी शोधल्या? यंत्रानं? मी गुडघ्यावर बसून रुपयाच्या नाण्यानं एकेक फरशी वाजवत गेले. बाथरूमचं पाणी जाळीकडं न जाता दाराकडं येतंय हे तांब्याभर पाणी ओतून कुणी दाखवलं? वर रिपोर्टात काय लिहिलंय, "असे आढळून आले." कुणाला आढळलं? भुताला?

म्हटलं तिला तोंडावर. तर म्हणते, "मावशी, थोडं थांबा की." थांबा म्हणे. मला थांबायला येत न्हाय. स्लॅब घातल्यावर थांबायचं ते सिमेंटसाठी, माणसासाठी न्हाय.

ही वही पण तिनंच दिलीय, मापं लिहायला. मापं माझ्या डोक्यात असतात. वहीत मी माझं लिहिणार. चौथीपर्यंत शिकले, तेवढं लिहायला येतंय.

८ एप्रिल, मंगळवार

आज नवीनच. सकाळी ऑफिसात गेले तर म्हणते, "मावशी, उजेडात बसा, फोटो काढायचाय." कशाला? तर "लागतोय." मग आधारकार्ड मागितलं. मग कोऱ्या कागदावर सही घेतली, ती पण तीनदा, म्हणे पहिली दोन तिरकी आली. वर विचारते, "रक्ताचा गट कोणता?"

मी म्हटलं, "माझं रक्त काढून कुणाला द्यायचं ठरवलंय का?"

हसली नुसती. सांगेना. बँकेचं काय तरी असणार, न्हायतर विम्याचं. माझ्याकडनं सगळं घ्यायचं, मला सांगायचं काही न्हाय. काम सोडायचा विचार डोक्यात येऊन गेला. पण आता डोक्यावर घमेलं घेऊन तीन मजले चढणं होत न्हाय, हे पण खरं.

आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, अजून कळलेलं न्हाय मी करते काय. तिला सांगितलं, लग्नाआधी मुलगी बघायला जातात तसं लोक घर घ्यायच्या आधी आम्हाला पाठवतात. आम्ही घर बघून खोट काढतो आणि लेखी देतो. फक्त पोहे खात न्हाय.

आक्का म्हणाली, "खोट काढायला तुला पैसे मिळत्यात? इतकी वर्षं फुकटच काढत हुतीस की!"

१० एप्रिल, गुरुवार

आज नदीकडच्या अंगाला एका कॉलनीत गेलतो. रो-हाऊस. खाली हॉल, स्वयंपाकघर, मागं एक खोली, वर दोन खोल्या. घेणारी माणसं इचलकरंजीची. तोहिद मागाच्या शेडात जॉबर हाय, माग बिघडला की दुरुस्त करतो, पाळी दिवसाची पण आणि रात्रीची पण. त्याची बायको आयेशा नर्स हाय, तिला कोल्हापुरात नोकरी लागलीय, म्हणून इथं घर. तो गाडीवरनं जाऊन येऊन करणार. आणि तोहिदची आई सुलतानबी. दोन्ही गुडघे गेलेले. रिक्षातनं उतरायलाच तिला दहा मिनिटं लागली.

विकणारे विजयसिंह. पांढरा शर्ट, बोलायला एकदम गोड.

तोहिदनं सरळ विचारलं, "पुराचं पानी येतं काय वो इकडं?"

"खालच्या चौकापर्यंत येतंय, पावणं. आमच्या उंबऱ्याला कधी शिवलं न्हाय."

शेजारच्या बाईला विचारलं, तीही तेच म्हणाली. चौकापर्यंत.

आम्ही काम सुरू केलं. खालच्या सगळ्या भिंतींना आतनं बाहेरनं छातीपर्यंत फरशी हाय. मी वाजवली. एक पण पोकळ न्हाय. सांधे सरळ, कोपरे काटकोनात, कुठं सिमेंट बाहेर आलेलं न्हाय. ज्यानं लावली त्यानं काम चोख केलंय. हे मी स्नेहलला मुद्दाम लिहून घ्यायला लावलं. तिनं लिहिलं, "भिंतीवरील फरशीचे काम उत्तम." बरं वाटलं.

यंत्रानं सगळीकडं कोरडं दाखवलं. एप्रिलात दुसरं काय दाखवणार?

खालच्या मजल्यावरचे बटणांचे बोर्ड जरा जास्तच वर हायत, माझ्या कपाळाएवढे. स्नेहलनं विचारलं. विजयसिंह म्हणाले, "नातवंडं बोटं घालत्यात, म्हणून वर घेतले." झालं.

मधे तहान लागली म्हणून मागच्या नळावर जाऊन पाणी प्याले. परत आले तर स्नेहल म्हणते, "मावशी, मागं नळ हाय हे तुम्हाला कसं कळलं? आपण तिकडं गेलोच न्हाय अजून."

सगळ्याच घरांना मागं नळ असतोय. यात काय कळायचं? उगं काय तरी विचारत असते.

जिन्याखाली एक कपाट हाय, भिंतीत बसवलेलं. ते मला बघायला सांगितलं तर मी न्हाय गेले. माझा गुडघा धरला होता. मग स्नेहल स्वतःच वाकली. आत बॅगा, जुन्या गाद्या, मागं प्लायवूडची फळी ठोकलेली. विजयसिंह म्हणाले, "राहू दे की ओ बाई, अडगळ हाय." तिनं कागदावर लिहिलं, "जिन्याखालील भिंत, पाहता आली नाही." आमची रीतच तशी हाय. जे दिसलं ते लिहायचं, जे दिसलं न्हाय ते दिसलं न्हाय म्हणून लिहायचं.

विजयसिंहांनी मला दोनदा चहा विचारला. ओळख न्हाय काही. असल्या बायकांच्या तोंडाकडं बघतंय कोण.

१२ एप्रिल, शनिवार

जोतिबाची यात्रा. आक्का गेली, येताना डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं गुलाबी होऊन आली. मी गेले न्हाय. दरवर्षी जाते. या वर्षी मन झालं न्हाय. घरातली भांडी घासली, घासलेली परत घासली.

१५ एप्रिल, मंगळवार

जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्यासाठी फ्लॅट बघितला. पाचवा मजला. खिडक्यांच्या खालनं ओल, गच्चीला उतार उलटा. माझं एक, यंत्राचं एक.

व्यापारी माझ्याकडं बघून स्नेहलला म्हणाला, "ह्या मावशी कशासाठी?"

तर ही पोरगी काय म्हणावी! "मावशी सत्तावीस वर्षं साईटवर होत्या. त्यांच्या हातनं एकही खोटं काम झालेलं न्हाय. मशीन चुकंल, मावशी चुकत न्हाईत."

हे वाक्य माझंच. कामाला लागले त्या दिवशी मीच तिला ऐकवलं होतं, जरा छाती काढूनच. आता ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते. आधी ऐकायला गोड वाटायचं. आज मी गच्चीवर निघून गेले. ऊन होतं, तरी तिथंच उभी राहिले.

१७ एप्रिल, गुरुवार

स्नेहल त्या रो-हाऊसचा रिपोर्ट टाईप करत होती. मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, "यात पुराचं काही लिहीत न्हाईस?"

"काय लिहू?"

"पाणी येतंय म्हणून."

"पुरावा कुठाय, मावशी? नकाशात पूररेषा बघितली. ती रेघच एवढी जाड हाय की घर आत येतंय का बाहेर, कळत न्हाय. मशीन कोरडं दाखवतंय. शेजारी न्हाय म्हणत्यात. बोर्ड वर हायत हे लिहिलंय मी. का वर हायत ते कुठल्या तोंडानं लिहू?" मग खुर्ची माझ्याकडं वळवून म्हणाली, "तिथं काम केलेलं कोण माणूस सापडलं तर गोष्ट वेगळी."

मी म्हटलं, "असली माणसं कुठं सापडत्यात? आज इथं, उद्या पुण्याला."

"व्हय," ती म्हणाली. "कधी कधी जवळच असत्यात पण."

आणि परत टाईप करायला लागली. तिचं बोलणं असंच, अर्ध्यात सोडलेलं. मला असल्या बोलण्याचा राग येतो. सरळ काय ते म्हणावं माणसानं.

घरी आक्काला एवढंच सांगितलं की एका घरात असं असं हाय, आणि लिहायचं का न लिहायचं असा घोळ चाललाय. आक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझं घर हाय का ते? मग गप बस की. सावलीत बसून काम मिळालंय ते बघवंना व्हय?"

२१ एप्रिल, सोमवार

आज सुलतानबी ऑफिसात आली. एकटीच, रिक्षानं. स्नेहल बाहेर गेलती. खारीचा पुडा आणला होता आणि पिशवीत एक दोरी. दोरीला चार गाठी.

"बहेन," म्हणाली, "तू घरबिर बघतीस, तुला कळतंय. ही बघ माझ्या खाटंची लांबी. ही रुंदी, ही उंची. मागल्या खोलीत खिडकीखाली बसंल न्हवं?"

मी दोरी हातात धरली, डोक्यातली मापं लावली. बसतेय, म्हटलं.

"बसली तर झालंच. मला आता जिना नको की वर जानं नको. मी म्हनले पोराला, मला खालची खोली दे, मी मरस्तवर वर येनार न्हाई." स्वतःच हसली. "तुम्ही वर ऱ्हावा, भांडा, काय करायचं ते करा. मला ऐकू नको."

"आणि रात्री काही लागलं तर?"

"आयेशा हाय की. पन तिची बी रातची ड्युटी असती. तोहिदची बी असती. दोघं बी नसली तर मी हाय आन् अल्ला हाय." मग दोरीची चौथी गाठ पुढं केली. "ही कशाची हाय, सांग?"

मी गाठ बोटांनी चाचपली.

"ही माझ्या हाताची. खाटंवर पडून हात वर केला की इथपातूर पुरतोय. त्या दिवशी बघितलं, बटनं लई वर हायत गं. मला उठून लाईट लावायला येत न्हाई. बोर्ड एवढा वर कशाला घेतलाय त्यांनी? त्यांच्या नातवंडांसाठी म्हनं. पन नातवंडं तर पुन्यात असत्यात, शेजारीन बोलली." आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "तुला ठाव असंल की. कशाला घेत्यात?"

मला खोटं बोलायला येत न्हाय असं मी सगळ्यांना सांगत आले. आज मी म्हटलं, "काय की."

खारी खाल्ली न्हाय. पुडा तसाच टेबलावर राहिला. जाताना ती दोरी विसरून गेली. मी पिशवीत घातली. आता ती इथं माझ्यासमोर हाय.

२२ एप्रिल, मंगळवार

लिहूनच टाकते. वही माझी हाय, इथं तरी.

दोन हजार एकवीसच्या पुरानंतर गणपतीच्या आधी त्या घरात आठ दिवस काम केलं. आम्ही तिघं होतो. मिस्त्री तापानं पडला, तेव्हा हॉलची शेवटची भिंत आणि मागची सगळी खोली मीच लावली. म्हणून तर एक फरशी पोकळ न्हाय. माझ्या हातची हाय ती. त्या दिवशी नाणं वाजवताना मला ती वळणासकट ओळखू आली, आणि मी शहाणी, स्वतःच्याच कामाला उत्तम लिहून घेतलं.

आम्ही गेलो तेव्हा भिंतींना पुराची रेघ होती. खाली मातकट, वर पांढरी, मधे सरळ रेघ, सुतानं ओढावी तशी. नदीचं पाणी दहा-पंधरा दिवस एका जागी उभं राहिलं की अशी रेघ पडते. रंगानं जात न्हाय. दरसाल ओल आली की वर येते. मालकानं, म्हणजे याच विजयसिंहांनी, सांगितलं, रेघेच्या वर टीचभर जाईल एवढी फरशी लावा, आतनं बाहेरनं. आणि वायरमनला सांगितलं बोर्ड वर घे. आम्हाला सांगितलं तेवढं आम्ही केलं. रोजगारावरच्या माणसाला कोण विचारतंय फरशी कशासाठी? पण मला ठाऊक होतं कशासाठी. ठाऊक नसायला काय झालं.

शेवटी फरशी कमी पडली. तीन पेट्या पाहिजे होत्या. मालक म्हणाले, जिन्याखाली कपाटच बसवायचंय, तेवढं सोडा. सोडलं. तिथली भिंत आहे तशी हाय. तिच्यावर एक न्हाय, दोन रेघा हायत. खालची एकोणीसची. वरची एकवीसची, चार बोटं वर. मी तिथं घमेलं ठेवून जेवायला बसायची, त्या रेघा सरळ समोर दिसायच्या. वरची रेघ, मी बसल्यावर, डोक्याच्या वर जात होती.

बसल्यावर डोक्याच्या वर. आणि ती बाई तिथं निजणार.

काल दोरीनं मोजलं. आमच्या भिंतीला दोरी लावली, जमिनीपासून. खाट, खाटेवरची बाई, बाईचा वर केलेला हात. त्याच्यावर बोर्ड. पाणी खाटेच्या वर आणि बोर्डाच्या खाली थांबणार. बोर्डाला काही होणार न्हाय. वायरमननं काम चोख केलंय.

आक्कानं विचारलं, "दोरी घिऊन काय करायलीस?"

"माप घेते," म्हटलं.

"कुणाचं?"

मी दोरी गुंडाळून पिशवीत ठेवली. तिनं ताट वाढलं आणि शेजारी येऊन बसली. म्हणाली, "परवा म्या बोलले त्ये मनावर घिऊ नगंस." कशाबद्दल बोलली, ते विचारायचं राहिलं.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी ठरवून गेले की स्नेहलला सांगायचं. ती फोनवर, मग छापखान्यातला माणूस आला, मग परत फोन. त्याला विचारत होती, "शुक्रवारी नक्की ना? लॅमिनेशन करूनच द्या, घामानं खराब व्हायला नको." मी विचारलं काय छापायला दिलंयस. "कळंल की शुक्रवारी, मावशी," म्हणाली, आणि लहान पोरीसारखी हसली. कॅलेंडर असणार ऑफिसचं. एप्रिलात कॅलेंडर छापणारी ही एकटीच.

ती एवढी खुशीत होती की माझ्या तोंडातनं शब्द बाहेर येईना. मी! मला शब्द सापडला न्हाय असं कधी झालंय का?

म्हणून लिहून देते. हे पान फाडून तिच्या टेबलावर, त्या यंत्राखाली ठेवणार. यंत्र ती रोज उचलते.

स्नेहल,

रिपोर्टात चौदाव्या पानावर तू लिहिलंयस, जिन्याखालील भिंत, पाहता आली नाही. ती ओळ खोड. ती भिंत मी पाहिली हाय. आठ दिवस तिच्यासमोर बसून जेवले हाय. तिथली फळी काढायला सांग, मागं दोन रेघा सापडतील, खालची एकोणीसची आणि वरची एकवीसची. काढू देणार न्हाईत म्हणाले तर तेवढं पण लिही, की काढू दिली न्हाय.

फरशी मी लावलीय. रेघ झाकायला लावली. माहीत असून लावली. सत्तावीस वर्षांत एकही खोटं काम न्हाय असं तू सगळ्यांना सांगतेस. ते सांगायचं बंद कर. एक हाय.

तू मला नळाचं विचारलंस तेव्हाच तुला काही तरी कळलं असणार, असं आता वाटतंय. मग सरळ का न्हाय विचारलंस? मी ओरडले असते, पण सांगितलं असतं. कदाचित.

सुलतानबीचा बोर्ड एवढा वर का हाय, ते तिनं मला विचारलं, आणि मी "काय की" म्हणाले. माझ्या तोंडातनं ते शब्द गेले ते मला परत घ्यायचे हायत. आणि ते तुझ्या कागदावरच घेता येतील. मी एकटी बोलले तर विजयसिंह म्हणतील, घमेलं उचलणारी बाई, तिचं काय ऐकताय. तुझ्या शिक्क्यानं बोलले तर ऐकतील.

माझं नाव रिपोर्टात घाल म्हणून मी तुझ्या मागं लागलते. आता पण मागते, फक्त त्या एका ओळीखाली. "ही भिंत मी स्वतः झाकली, मी स्वतः पाहिली", आणि खाली माझं नाव, चिमणाबाई, सही मराठीत. सरळ येईपर्यंत दहादा करून देईन. बाकीच्या पानांवर नसलं तरी चालंल. यंत्राच्या खाली असलं तरी चालंल.

यानंतर तुला मी ऑफिसात नको असले तर तसं सांग. मी वाद घालणार न्हाय. खरं म्हणजे घालीन, पण ऐकून घेईन.

घराच्या करारावर, साठेखतावर, सोमवारी सह्या हायत. म्हणजे रिपोर्ट तोहिदच्या हातात शनिवारी पाहिजे. तुझं ते छापलेलं जे काही शुक्रवारी येणार हाय ते येऊ दे न्हायतर न येऊ दे, मला त्याच्याशी घेणं न्हाय. मला शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत सांग. ओळ घालतेस का न्हाय. "थोडं थांबा की मावशी" हे उत्तर चालणार न्हाय. पाचला एक मिनिट झालं की मी ही दोरी घेऊन इचलकरंजीची गाडी धरणार, आणि सुलतानबीला तिच्या चौथ्या गाठीचं उत्तर तिच्या दारात बसून देणार.

व्हय का न्हाय, तेवढंच. शुक्रवार, पाच.